जावई आत येईना

नवा सर्व्हर आला त्या दिवशी त्याच्या खोक्याला हात लावायची परवानगी फक्त रीस्टार्टरावांना होती. बाकीच्यांनी लांबून बघायचं. ऑफिसच्या मागच्या बाजूची अडगळीची खोली त्याच्यासाठी रिकामी केली होती, भिंतींना रंग लावला होता आणि खिडकीशी एसी बसवला होता. मालकांच्या केबिननंतर साऱ्या ऑफिसातला हा दुसराच एसी. अकाउंटंट बाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"आम्ही इतकी वर्षं पंख्याखाली घाम पुसतोय, आणि हा आला तो थेट थंड हवेत. वर कुणी हात लावायचा नाही, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. सर्व्हर कसला, जावईच आहे हा!"

झालं. तेव्हापासून सर्व्हरचं नाव जावई पडलं.

रीस्टार्टराव हेही अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की ते शांतपणे एकच विचारत, "एकदा बंद करून चालू केलंत का?" बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. नाही भागलं तर ते स्वतः येत आणि बंद करून चालू करत. माणूस स्वभावाने थंड. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ते त्याच्याशी अहो-जाहोनेच बोलतील, असं माल रवाना करणारा डिस्पॅचवाला म्हणायचा.

आज मात्र तो थंड माणूसही सकाळपासून धास्तावलेला होता. त्याला कारण मामासाहेब. मामासाहेब म्हणजे मालकांचे मेहुणे. मालकांच्या मुलांचे मामा, म्हणून साऱ्या ऑफिसचेच मामा. कॉम्प्युटरचं काम घरच्या माणसाकडून काढून बाहेरच्या कंपनीला द्यावं, हे त्यांनी गेले कित्येक महिने मालकांच्या डोक्यात भरवलं होतं. हा नवा सर्व्हर घ्यायचा आग्रह रीस्टार्टरावांचा. तेव्हा मालकांनी काल त्यांना बोलावून सरळ सांगितलं होतं, "उद्या संध्याकाळपर्यंत नवा सर्व्हर कामाला लागला तर सगळं तुमच्याकडेच. नाहीतर मेहुणे म्हणतात ती कंपनी आहेच."

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. सकाळी निघताना "आज जरा काम आहे" एवढंच बायकोला म्हणाले. ती म्हणाली, "तुमचं काम म्हणजे बंद करून चालू करायचं. त्यात जरा काय आणि जास्त काय?" या वयात पाटी-दप्तर घेऊन दुसरीकडे नोकरी शोधायची म्हटलं तर मुलाखतीत सांगणार तरी काय, हा विचार त्यांच्या मनात रात्रभर घोळला होता.

आता जावई घरात घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तेही सांगायला हवं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मिळून एक कुटुंब असतं, त्याला डोमेन म्हणतात. कुटुंबप्रमुख म्हणजे कोपऱ्यातल्या कपाटाशेजारचा जुना सर्व्हर. घरचं कोण, परकं कोण, कुणाला कुठवर जायची मुभा, हे सगळं तो ठरवतो. नव्या मशीनने दारात उभं राहून नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा, म्हाताऱ्याने ओळख पटवून "या" म्हणायचं. एवढंच. चहा निवायच्या आत होणारं काम.

रीस्टार्टरावांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. पडद्यावर एक छोटं वर्तुळ बराच वेळ गरगरलं आणि मग पाटी आली, की प्रवेश देता येत नाही. का देता येत नाही, ते म्हाताऱ्याने सांगितलं नाही. खाली नुसता एक लांबलचक नंबर होता, आणि त्या नंबरचा अर्थ पुस्तकात 'काहीतरी चुकले आहे' असा दिला होता.

रीस्टार्टरावांनी जावयाला बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

तसे ते शिकलेले होते, पद्धतशीर होते. अशा वेळी काय काय तपासायचं ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यात पहिला नंबर घड्याळाचा. दोन मशीनच्या वेळेत थोडाफार फरक चालतो. फार असला तर ती एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी जावयाच्या पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. अकरा. मान वळवून दारातून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सव्वाअकरा, म्हणजे अकरा. जुन्या सर्व्हरपाशी जाऊन आले. तिथेही अकरा. म्हणजे घड्याळाची भानगड नव्हती.

त्या 'सव्वाअकरा म्हणजे अकरा'चा खुलासा केला पाहिजे. हा कारखाना वजनकाट्यांचा. सोनं तोलायच्या नाजूक काट्यापासून पोती तोलायच्या काट्यापर्यंत सगळे काटे इथे तयार होत, आणि 'आमचा काटा खोटं बोलत नाही' असं मालकांनी दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. त्याच्या बरोब्बर वर जे घड्याळ होतं, ते पाव तास पुढे होतं. लोक सकाळी वेळेवर यावेत म्हणून फार पूर्वी मालकांनीच एका सुट्टीच्या दिवशी गुपचूप ते पुढे केलं होतं. आपल्याखेरीज ही गोष्ट कुणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. माणसांच्या हातांवर घड्याळं असतात, खिशात फोन असतात, हे इतक्या व्यवहारी माणसाच्या ध्यानात कसं आलं नाही, हे सांगणं कठीण आहे. स्वतःच्या युक्तीवर खूश झालेल्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत.

त्यांच्या आनंदावर विरजण कशाला टाका, म्हणून कुणी कधी बोललं नाही. सगळे नुसते पंधरा वजा करायला शिकले. सकाळच्या हजेरीला अकाउंटंट बाईंनी परस्पर पाव तासाची सूट देऊन टाकली होती, तेव्हा येताना खरी वेळ. संध्याकाळी मात्र भिंतीवर सहा वाजले की सगळे उठत, तेव्हा जाताना घड्याळाची वेळ. लोक कसे घड्याळावर चालतात म्हणून मालक खूश, आणि रोजचा पाव तास पदरात पडला म्हणून लोक खूश. नव्याने लागलेला माणूससुद्धा आठवड्याभरात न बोलता वजाबाकी करू लागायचा. रीस्टार्टरावांच्या तर ती हाडीमाशी इतकी भिनली होती, की घरच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळातूनही ते पंधरा वजा करायचे आणि दूध उतू जायचं. बायको ओरडायची, "अहो, आपलं घड्याळ बरोबर आहे!"

तर घड्याळ ठीक. मग वायर. रीस्टार्टरावांनी जावयाची वायर काढायला कपाटामागे हात घातला आणि त्या गुंत्यातली एक वायर उपसली. पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"अहो रीस्टार्टराव! माझं बिल गेलं!"

"कुठे गेलं?"

"मला काय विचारता? तुम्हीच घालवलंत! एवढं लांबलचक बिल टाईप केलं होतं."

"सेव्ह केलं होतं का?"

"करणारच होते," अकाउंटंट बाई म्हणाल्या. हे वाक्य रीस्टार्टरावांनी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांनी नुसती मान हलवली, ती वायर परत लावली आणि शेजारची काढली. जावयाला नवीकोरी वायर मिळाली. म्हाताऱ्याने पुन्हा नकार दिला.

मग त्यांना नावाचा संशय आला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनची नावं 'काटा एक', 'काटा दोन' अशी ओळीने होती. जावयाला दिलेला नंबर पूर्वी एखाद्या भंगारात गेलेल्या मशीनचा असेल, आणि म्हातारा त्याला तोतया समजत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी नंबर काढून टाकला आणि नावाच्या जागी सरळ 'जावई' लिहिलं. त्यावर तर म्हातारा आणखीच बिथरल्यासारखा वाटला. या खेपेला नकार लवकर आला.

आता उरला एकच उपाय, आणि तो त्यांच्या हातचा होता. म्हाताऱ्यालाच बंद करून चालू करायचं. पण म्हातारा बंद म्हणजे सारं ऑफिस बंद. त्यांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन कामं आटपायला सांगितली, सेव्ह करायला सांगितलं, अकाउंटंट बाईंना दोनदा सांगितलं, आणि बटण दाबलं. म्हातारा उठायला वेळ लावणारा. तोवर कुणाला काही काम नाही. आणि काम नसलेल्या माणसांना ऑफिसात थंडगार खोली एकच.

"जावई बघायला आलो," असं म्हणत डिस्पॅचवाला सगळ्यांत आधी आत शिरला. पाठोपाठ सगळे. कुणी खोक्यावर बसलं, कुणी रॅकला टेकलं. डिस्पॅचवाल्याने डोळे मिटून घेतले.

"इथे बसलं की कसं डोकं शांत होतं हो. रीस्टार्टराव, आरामात चालू द्या तुमचं. आमची घाई नाही."

एवढ्या माणसांच्या गर्दीत खोली तापली, आणि जावयाच्या आतले पंखे घरघरायला लागले. "जरा बाहेर व्हाल का?" असं रीस्टार्टराव तीनदा म्हणाले. ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी त्यांनी काही न बोलता एसीच बंद केला. खोली घटकेत रिकामी झाली. समाधानाने ते म्हाताऱ्याकडे बघायला गेले, तो उठून बसेपर्यंत त्याच्यापाशी थांबले, आणि एसी पुन्हा लावायचा विसरले. परत आले तेव्हा जावई उकाड्याने स्वतःहून बंद पडला होता.

नेमके तेवढ्यात मामासाहेब आले. दारात उभं राहून त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं, मग घामाने निथळणाऱ्या रीस्टार्टरावांकडे बघितलं.

"काय, जावई अजून उंबऱ्यातच?"

"थोडा वेळ लागतोय, साहेब."

"लागू द्या, लागू द्या. त्या कंपनीचा माणूस उद्या सकाळी येऊ शकतो म्हणाला. मी आपलं नुसतं विचारून ठेवलंय." मामासाहेब अगदी गोड हसले. त्यांचं गोड हसणं रीस्टार्टरावांना नेहमीच जड जायचं.

सर्व्हर ज्या कंपनीचा होता तिची एक हेल्पलाइन होती. तिथल्या बाईंशी रीस्टार्टराव जेवणाच्या सुट्टीआधी एकदा बोलले होते. वायर ठीक आहे? ठीक आहे. पासवर्ड बरोबर? बरोबर. दोन्ही मशीनवर वेळ सारखी? अगदी सारखी. बाईंनी आणखी चार उपाय सुचवले, ते चारही करून झाले. आता दुपार कलायला लागली होती. त्यांनी पुन्हा फोन लावला. बाई त्याच होत्या, आणि त्यांनी आता पवित्रा बदलला.

"हे बघा, आता 'ठीक आहे', 'बरोबर आहे' असं काही सांगायचं नाही. पडद्यावर जे दिसतंय ते, जसंच्या तसं, वाचून दाखवायचं. चालेल?"

"चालेल."

त्यांनी सगळं वाचलं. नाव वाचलं, तेव्हा बाई 'जावई' ऐकून क्षणभर अडखळल्या, पण कामाच्या होत्या, "पुढे" म्हणाल्या. नंबर वाचले. मग बाई म्हणाल्या, "नव्या मशीनवरची वेळ वाचा."

"तीन वाजून पाच मिनिटं."

"आता जुन्या मशीनवरची."

फोन कानाला लावून रीस्टार्टराव कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापाशी गेले. "तीन एकवीस," ते म्हणाले, "म्हणजे तीन सहा."

"'म्हणजे' म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे पंधरा वजा केले."

"का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न रीस्टार्टरावांना कुणी विचारला नव्हता.

"आमच्याकडे... करतात," ते म्हणाले.

"कोण करतात?"

"सगळेच."

"सर्व्हरसुद्धा करतो का?" बाईंनी विचारलं.

रीस्टार्टराव शेजारच्या खुर्चीवर बसले. एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर उलगडत गेली. त्यांच्या आधी इथे जो कॉम्प्युटरवाला होता, त्याच्याकडून मालकांनी म्हाताऱ्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतली असणार. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर म्हाताऱ्याला विचारून आपली वेळ लावतात. हजेरीचं मशीन तेच करतं. आणि त्या साऱ्यांकडे बघून सगळी माणसं मनातल्या मनात पंधरा वजा करतात. सकाळी म्हाताऱ्याच्या पडद्यावर सव्वाअकराच होते. वाचणाऱ्याने ते अकरा वाचले. जावई बाहेरून आलेला. त्याने वेळ बाहेरच्या जगाला विचारून लावलेली. साऱ्या ऑफिसात खरी वेळ सांगणारा तो एकटाच होता, आणि म्हणूनच त्याला कुणी आत घेत नव्हतं. रीस्टार्टरावांना त्याची दया आली. सकाळपासून आपण त्यालाच दोष देत होतो, याची लाजही वाटली.

"जुन्या मशीनचं घड्याळ बरोबर करा," बाई सांगत होत्या. "योग्य मार्ग तोच."

"एक मिनिट हं," रीस्टार्टराव म्हणाले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या पाठीशी अकाउंटंट बाई आणि डिस्पॅचवाला केव्हाचे येऊन उभे होते. बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"रीस्टार्टराव," अकाउंटंट बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हाताऱ्याला बरोबर केलंत की हजेरी बरोबर, मग भिंतीवरचंही बरोबर, सगळंच बरोबर होणार. माझ्या वडिलांपाशी दिवसभर एक बाई असतात, त्या सहाच्या ठोक्याला निघून जातात. मी त्या पाव तासात घर गाठते. बाकी मी काही म्हणत नाही."

"माझी बस," डिस्पॅचवाला म्हणाला. "सहाच्या आधीच्या बसला बसायला जागा मिळते. गुडघे माझे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

रीस्टार्टराव दोघांकडे बघत राहिले. ही माणसं कटकटी होती, सेव्ह करत नव्हती, एसीत येऊन बसत होती; पण ती त्यांची माणसं होती. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"आणि समजा, जुन्याला तसाच ठेवून नव्याचंच घड्याळ पुढे केलं तर?"

"बरोबर आहे ते चुकीचं करायचं?"

"हो."

बाईंनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "चालेल. पण मी हे सांगितलं असं कुठे सांगू नका."

जावयाचं घड्याळ पुढे करताना रीस्टार्टरावांचं बोट किंचित थबकलं. बिचारा खरं बोलत होता. मग त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. वर्तुळ पुरतं एकदाही फिरलं नाही, आणि पडद्यावर स्वागताची पाटी आली. म्हातारा जणू दिवसभर दाराशीच वाट बघत उभा होता. डिस्पॅचवाल्याने टाळी वाजवली. "जावई आत आला हो!" अकाउंटंट बाईंनी बाहेर ओरडून सांगितलं, आणि नेमकं आत्ता लिहिलेलं पत्र त्या सेव्ह न करताच उठून आल्या होत्या.

फायली हलवण्यात, एकेकाचं काम तपासण्यात दिवस सरत आला. सगळं नीट लागलं असं रीस्टार्टरावांना वाटलं, आणि ते पहिल्यांदा पाणी प्यायले, तोच मालक आणि मामासाहेब दोघेही खोलीत आले. मालकांनी जावयाच्या हिरव्या दिव्यांकडे कौतुकाने बघितलं. मामासाहेब दिव्यांकडे बघत नव्हते.

"झालं ते छानच झालं," ते म्हणाले. "पण दिवसभर अडलं का होतं, ते कळायला हवं. कारण ठाऊक नसेल तर उद्या पुन्हा रुसेल. काय कारण होतं?"

दाराबाहेर टाईप करण्याचे आवाज एकदम थांबले. खरं कारण सांगावं तर मालकांचं इतक्या वर्षांचं गुपित त्यांच्याच तोंडावर, चारचौघांत फोडल्यासारखं. न सांगावं, तर कारणसुद्धा न कळणारा माणूस म्हणून उद्या सकाळी ती कंपनी दारात.

"साहेब," ते मालकांना म्हणाले, "केबिनमध्ये सांगतो. तुम्हाला एकट्याला."

केबिनमध्ये उभं राहून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "साहेब, जुन्या सर्व्हरची वेळ पाव तास पुढे आहे. नव्याची बरोबर होती. म्हणून पटत नव्हतं."

मालक ताडकन उठले. रीस्टार्टरावांना वाटलं, संपलं. पण मालकांनी जाऊन दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि जवळ येऊन विचारलं, "कुणाला बोललात?"

"नाही, साहेब."

"शाबास. बसा. अहो, बसा." मालक खुर्ची ओढून अगदी शेजारी बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आता तुम्हाला कळलंच आहे, तर सांगतो. ते मीच केलंय. भिंतीवरचंसुद्धा! लोकांना वाटतं उशीर झाला, म्हणून पळत येतात. आणि एवढी वर्षं झाली, बाहेर एकालासुद्धा पत्ता नाही!"

"काय सांगता, साहेब!" रीस्टार्टराव म्हणाले. नाटकात त्यांनी उभ्या आयुष्यात काम केलं नव्हतं, आणि ते दिसत होतं. पण मालकांना या क्षणी काही दिसत नव्हतं.

"तुम्हाला तरी आला होता का संशय?"

"जुन्या सर्व्हरचं मला आज दुपारीच कळलं," रीस्टार्टराव म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, म्हणून जरा मोठ्याने म्हणता आलं.

मालक खुशीत हसले, आणि हसता हसता एकाएकी थांबले. "म्हणजे उद्या त्या बाहेरच्या कंपनीचा माणूस आला असता, तर..."

"पहिल्या तासात त्याने सगळी घड्याळं बरोबर केली असती, साहेब."

"आणि सगळ्यांसमोर सांगत सुटला असता!" मालकांनी कपाळाला हात लावला. उठून त्यांनी कडी काढली, दार फटीएवढं उघडलं आणि मामासाहेबांना आत घेतलं. "ते कंपनीचं राहू द्या. कॉम्प्युटरचं सगळं रीस्टार्टरावच बघतील. कायमचं."

"पण का? कालपर्यंत तर..."

"घरगुती कारण आहे," मालक म्हणाले. "तुम्हाला नाही सांगता येणार."

मामासाहेबांनी एकवार रीस्टार्टरावांकडे बघितलं आणि ते निमूटपणे बाहेर गेले. रीस्टार्टराव जायला उठले, तेव्हा मालकांनी त्यांचा हात धरला.

"आता तुम्ही आतल्या गोटातले, म्हणून विचारतो. लोक हल्ली जरा सैलावलेत, नाही? हे पुढे केलेलं आता अंगवळणी पडलंय त्यांच्या, नकळत हं. तर तुम्ही आजच दोन्ही सर्व्हर आणखी पाच मिनिटं पुढे घ्या. भिंतीवरचं मी बघतो. कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."

रीस्टार्टराव बाहेर आले. सगळ्यांच्या माना खाली, बोटं कीबोर्डवर. एकाच्याही पडद्यावर काही उमटत नव्हतं. मामासाहेब पाण्याच्या पिंपाशी उभे होते. ते सहज सरकल्यासारखे जवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "काय ठरलं? पंधराच ना?"

रीस्टार्टराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "वीस," ते म्हणाले.

"वीस," मामासाहेबांनी जाता जाता पहिल्या टेबलाला सांगितलं. "वीस," पहिल्याने दुसऱ्याला. खोलीभर कुजबुज फिरून अकाउंटंट बाईंपाशी पोचली, तेव्हा त्यांनी हजेरीची सूट बदलायलासुद्धा घेतली होती. डिस्पॅचवाल्याने मान वर करून रीस्टार्टरावांकडे असं बघितलं, की एवढ्या प्रेमाने त्याने कधी एसीकडेही बघितलं नसेल.

रीस्टार्टरावांनी दोन्ही सर्व्हर पाच मिनिटं पुढे घेतले. मग केबिनचं दार उघडलं आणि मालक स्वतः स्टूल घेऊन बाहेर आले.

"घड्याळाचा सेल बदलतो," त्यांनी खोलीला उद्देशून सांगितलं. "तुमचं चालू द्या."

"हो, साहेब," खोली म्हणाली, आणि एकानेही वर बघितलं नाही. रीस्टार्टराव धावत गेले आणि त्यांनी स्टूल धरलं. मालकांनी पाठीने आडोसा करून घड्याळ उतरवलं, उगीच खुडबुड केली, मोठा काटा अलगद पुढे सरकवला आणि घड्याळ परत खिळ्याला अडकवलं. तिथे आता बरोबर सहा वाजले होते.

खुर्च्या सरकल्या. पिशव्या खांद्यांना लागल्या. "येते, साहेब," "निघतो, साहेब," म्हणत सारं ऑफिस स्टुलाच्या दोन्ही बाजूंनी वाहत दाराबाहेर पडलं. अकाउंटंट बाई सगळ्यांत पुढे होत्या, आणि मामासाहेब त्यांच्या मागोमाग.

मालक स्टुलावर उभं राहून रिकाम्या होत गेलेल्या खोलीकडे समाधानाने बघत होते.

"बघितलंत?" ते खाली वाकून रीस्टार्टरावांना म्हणाले. "घड्याळाचा केवढा धाक आहे!"

"हो, साहेब," रीस्टार्टराव म्हणाले. "उतरताना जरा सांभाळून."